रिंग ऑफ ऑनरचे जागतिक विजेतेपद : एका स्वतंत्र किताबाला मान कसा मिळाला

प्रश्न असा आहे : अमेरिकेतील रिंग ऑफ ऑनर या कंपनीचे जागतिक विजेतेपद एका लहान, स्वतंत्र कंपनीने सुरू केले, व्यावसायिक कुस्तीतले निकाल आधी ठरलेले असतात हे आज सर्वांना ठाऊक आहे, असे असताना जाणकार मंडळी या पट्ट्याचे नाव मोठ्या कंपन्यांच्या किताबांच्या बरोबरीने का घेतात, आणि त्याचा इतिहास नेमका काय आहे? न्यू जर्सी आणि पेनसिल्व्हेनिया या राज्यांतील छोट्या कंपन्यांच्या रिंगमध्ये मी अनेक वर्षे पंच म्हणून काम केले आहे. रिंग ऑफ ऑनरच्या रिंगमध्ये मी कधी उभा राहिलो नाही, पण ज्या सभागृहांत आणि ज्या प्रेक्षकांसमोर हा किताब मोठा झाला, ती सभागृहे आणि ते प्रेक्षक माझ्या ओळखीचे आहेत, म्हणून सविस्तर लिहितो.

प्रथम 'ठरलेल्या निकाला'विषयी. आपल्याकडे अशा लढतीला नुरा कुस्ती म्हणून हिणवतात. मातीतल्या निकाली कुस्तीत कोणी मुद्दाम पाठ टेकवली तर तो गुन्हाच आहे, कारण तिथे प्रेक्षकाची फसवणूक होते. व्यावसायिक कुस्तीत ठरलेले असते ते एवढेच की शेवटी कोणाचा हात उंचावायचा. तिथपर्यंत पोहोचण्याची वाट दोघांनी घाम गाळून, अंगावर मार घेऊन आणि प्रेक्षकांचा कल पाहत शोधायची असते. आणखी एक फरक लक्षात घ्यावा. महाराष्ट्र केसरीची गदा दर वर्षी नवी असते आणि ती जिंकलेल्या मल्लाच्या घरी कायमची राहते. व्यावसायिक कुस्तीतला पट्टा मात्र एकाकडून दुसऱ्याकडे जातो. त्यामुळे त्याची किंमत जिंकणाऱ्याइतकीच हरणाऱ्याच्या हातात असते. मावळत्या विजेत्याने हातचे काही न राखता हार पत्करली तर नव्या विजेत्याला मागच्या सगळ्यांचे वजन मिळते; त्याने टाळाटाळ केली, दुखापतीचे निमित्त केले किंवा पट्टा घेऊन दुसरीकडे गेला, तर साखळी तिथेच तुटते. रिंग ऑफ ऑनरच्या किताबाला मान मिळाला तो प्रामुख्याने यामुळे की त्याच्या पहिल्या दशकात जवळजवळ प्रत्येक मोठा विजेता जाताना नीट हरून गेला.

कंपनीचा जन्म एका पोकळीतून झाला. २००१ च्या मार्चमध्ये डब्ल्यूसीडब्ल्यू ही कुस्तीकंपनी तिच्या प्रतिस्पर्ध्याने, म्हणजे आजच्या डब्ल्यूडब्ल्यूईने, विकत घेतली आणि एप्रिलमध्ये फिलाडेल्फियात जीव असलेली ईसीडब्ल्यू दिवाळखोरीत गेली. फिलाडेल्फियाच्या परिसरात आरएफ व्हिडिओ नावाचा कुस्तीच्या चित्रफिती विकण्याचा व्यवसाय होता आणि ईसीडब्ल्यूच्या चित्रफिती हा त्यांचा सर्वांत खपाचा माल होता. तो बंद पडल्यावर विकायला काहीतरी हवे म्हणून त्यांनी स्वतःचीच कंपनी काढली. लढतींची आखणी गेब सपोल्स्की करत असे. २३ फेब्रुवारी २००२ रोजी फिलाडेल्फियातील मर्फी रिक्रिएशन सेंटर या साध्या क्रीडागृहात पहिला कार्यक्रम झाला आणि शेवटच्या तिरंगी लढतीत लो कीने ख्रिस्तोफर डॅनियल्स आणि ब्रायन डॅनियलसन यांना हरवले. लढतीपूर्वी आणि लढतीनंतर हस्तांदोलन करायचे, हा कंपनीचा नियम होता. डॅनियल्सने हात द्यायला नकार दिला आणि त्या एका नकारावर पुढची अनेक महिन्यांची कथा उभी राहिली.

उत्पन्न चित्रफिती आणि डीव्हीडींच्या विक्रीतून येत होते, ही बाब किताबाच्या इतिहासात फार महत्त्वाची आहे. दूरचित्रवाणीवर दर आठवड्याला प्रेक्षक टिकवायचा असेल तर सारखे धक्के द्यावे लागतात आणि पट्टे भराभर हात बदलतात. टपालाने संपूर्ण कार्यक्रम मागवणारा माणूस तासाभराची लढतसुद्धा बसून पाहतो आणि मागच्या लढतीत काय झाले होते ते त्याच्या लक्षात असते. संथ, लांब कारकिर्दी या कंपनीला परवडल्या त्या अशा ग्राहकामुळे.

किताब पहिल्याच दिवशी दिला नाही, हेही शहाणपणाचे झाले. आधी पाच महिने मल्लांची ओळख होऊ दिली आणि मग २७ जुलै २००२ रोजी लो की, डॅनियल्स, डग विल्यम्स आणि स्पँकी या चौघांना साठ मिनिटांच्या एकाच लढतीत उतरवले. लो की पहिला विजेता ठरला. छप्पन्न दिवसांनी, २१ सप्टेंबरला, झेव्हियरने त्याच्याकडून पट्टा घेतला. झेव्हियर डॅनियल्सच्या गटात होता आणि त्या विजयाला गटाच्या कारवायांचा वास होता. त्याची कारकीर्द लोकांना फारशी आठवत नाही, पण पुढे जे घडले त्यासाठी असा एक नावडता विजेता आवश्यक होता, असे माझे मत आहे.

२२ मार्च २००३ रोजी समोआ जोने झेव्हियरला हरवले आणि या किताबाचा खरा इतिहास सुरू झाला. हा समोआ जो अंगाने जाडजूड, पण पायांनी चपळ होता. गुडघे आणि कोपरे तो जपानी मल्लांसारखी कडक वापरत असे आणि मागून गळा आवळण्याचा त्याचा डाव लागला की लढत संपली, हे प्रेक्षकांच्या मनात पक्के बसले होते. तोवर पट्ट्याच्या नावात 'जागतिक' हा शब्द नव्हता. १७ मे २००३ रोजी जोने लंडनमध्ये झीब्रा किड या इंग्रज मल्लाविरुद्ध किताब राखला आणि त्यानंतर तो जागतिक किताब मानला जाऊ लागला. पंधरा-वीस मैलांच्या परिघात फिरणारे कितीतरी किताब स्वतःला जागतिक म्हणवून घेतात. निदान समुद्र ओलांडून मगच तो शब्द वापरायचा, हा संयम मला आवडतो.

जोची कारकीर्द ६४५ दिवस चालली आणि तो विक्रम या किताबावर आजही कायम आहे. तिच्या मध्यभागी सीएम पंकबरोबरच्या तीन लढती आहेत. १२ जून २००४ रोजी ओहायोतल्या डेटन येथे दोघे साठ मिनिटे लढले आणि लढत बरोबरीत सुटली. १६ ऑक्टोबरला शिकागोजवळच्या शिकागो रिज येथे पुन्हा साठ मिनिटे आणि पुन्हा बरोबरी झाली. कुस्तीपत्रकार डेव्ह मेल्टझर यांनी या दुसऱ्या लढतीला पाच तारे दिले, आणि उत्तर अमेरिकेतल्या लढतीला त्यांच्याकडून असा मान १९९७ नंतर प्रथमच मिळाला. ४ डिसेंबरच्या तिसऱ्या लढतीत जो जिंकला. या लढतींकडे पंचाच्या नजरेने पाहावे, अशी माझी विनंती आहे. साठ मिनिटांच्या लढतीत पंचाच्या डोक्यात घड्याळ सतत चालू असते, कारण किती वेळ उरला हे दोघांना कळवण्याचे काम बऱ्याचदा त्याचेच असते; पकड तपासायला वाकल्यासारखे करून तो ते कानात सांगतो. चाळिसाव्या मिनिटानंतर प्रत्येक मल्लाचे हात जड होतात आणि फेकाफेकीत चूक होऊन मान दुखावण्याचा धोका वाढतो. जो आणि पंक या दोघांनी सुरुवातीची वीस-पंचवीस मिनिटे केवळ एका डोक्याच्या पकडीभोवती घालवली. पंक ती पकड सोडतच नव्हता, जो सुटायचा आणि पंक पुन्हा तीच धरायचा. वरवर कंटाळवाणी वाटावी अशी ही गोष्ट होती. पण तिच्यामुळे श्वास राखला गेला, आणि शेवटच्या दहा मिनिटांत, पाठ टेकल्यावर तीनपर्यंत होणारी पंचाची मोजणी 'दोन'वर आली की प्रत्येक वेळी सभागृह उठून उभे राहू लागले.

आता ज्याला मी मर्म म्हणतो तिथे येतो. इतका मोठा केलेला जो हरणार कोणाकडून? पंककडून, असे सर्वांना वाटत होते. २६ डिसेंबर २००४ रोजी त्याला ऑस्टिन एरीजने हरवले. एरीज उंचीने कमी होता आणि त्याचे नावही तोवर लहान होते. परंतु ६४५ दिवस किताब न गमावलेला माणूस एरीजसमोर पूर्णपणे हरला आणि एका रात्रीत एरीज मोठा झाला. पुढे काही महिन्यांतच जो टीएनए या मोठ्या कंपनीत दिसू लागला. जाण्याआधी त्याने आपली सगळी कमाई मागे ठेवली होती.

२००५ चा उन्हाळा हे या इतिहासातले सर्वांत चर्चेचे पान आहे. पंकचा डब्ल्यूडब्ल्यूईशी करार झाल्याची बातमी फुटली होती. १८ जूनला न्यू जर्सीतल्या मॉरिसटाउन येथे तो एरीजशी लढला तेव्हा ही निरोपाची लढत आहे आणि तो हरणार, हे गृहीत धरूनच लोक आले होते. तो जिंकला. लोकांनी डोळ्यांत पाणी आणून टाळ्या वाजवल्या आणि त्याच क्षणी त्याने ध्वनिक्षेपक हातात घेऊन म्हातारा आणि साप यांची गोष्ट सांगत सर्वांना मूर्ख ठरवले. पुढच्या काही आठवड्यांत पट्टा आडवा धरून, त्याच्यावर कागद ठेवून त्याने डब्ल्यूडब्ल्यूईच्या करारावर सही केली. जाणारा विजेता पट्टा घेऊन जाईल, ही प्रत्येक छोट्या कंपनीला खरोखर वाटणारी भीती आहे, आणि सपोल्स्कीने तीच उघडपणे कथेचा विषय केली. पंकने ५५ दिवस किताब जवळ ठेवला आणि १२ ऑगस्टला डेटन येथे चौरंगी लढतीत तो जेम्स गिब्सनकडे गेला. दुसऱ्या दिवशी शिकागो रिज येथे पंक आपला जुना मित्र कोल्ट कबाना याच्याशी लढला आणि गेला.

गिब्सनची गोष्ट कमी सांगितली जाते. तोही डब्ल्यूडब्ल्यूईत परतणार होता आणि ते त्याने प्रेक्षकांना सरळ सांगितले. त्याची कारकीर्द ३६ दिवसांची झाली, पण ती रीतसर झाली, आणि १७ सप्टेंबर २००५ रोजी न्यूयॉर्क राज्यातल्या लेक ग्रोव्ह येथे त्याने ब्रायन डॅनियलसनसमोर शरणागती पत्करली. डॅनियलसनच्या डोक्यावर हात ठेवणारे जे लोक होते त्यांत मी गिब्सनला फार वर मानतो.

डॅनियलसनचे ४६२ दिवस हा माझ्या मते या किताबाचा उत्कर्षकाळ. तांत्रिक कुस्तीत त्याच्या तोडीचा मल्ल त्या वेळी अमेरिकेत नव्हता. त्याची एक सवय पंचांना विशेष लक्षात राहिली. प्रतिस्पर्ध्याने दोराला स्पर्श केला की पकड सोडावी लागते आणि त्यासाठी पंच पाचपर्यंत मोजतो. डॅनियलसन चारपर्यंत पकड आवळतच राहायचा आणि पंचाच्या तोंडावर ओरडायचा की पाच होईपर्यंत मला मुभा आहे. नियमाचे पुस्तक पाठ असलेला आणि त्याचा कोपरान्कोपरा वापरणारा विजेता या एका कृतीतून उभा राहत असे. नायक आणि खलनायक यांच्या मधला हा प्रकार होता आणि प्रेक्षक त्याच्यासह ते वाक्य म्हणू लागले होते.

१२ ऑगस्ट २००६ रोजी लिव्हरपूल येथे त्याने नायजेल मॅकगिनेसला हरवून कंपनीचा 'प्युअर' नावाचा दुसरा किताब आपल्या किताबात विलीन केला. त्या लढतीत मॅकगिनेसने रिंगच्या खांबावर डोके आपटून घेतले, तो प्रकार आज मला पाहवत नाही, आणि नव्या मुलांनी तो आदर्श म्हणून पाहू नये. त्याच महिन्यात डॅनियलसनने जो, मॅकगिनेस आणि कबाना यांच्याशी साठ मिनिटांच्या तीन बरोबरीच्या लढती दिल्या, कबानाशी लढताना त्याचा खांदा निखळला आणि तरीही १६ सप्टेंबरला तो जपानच्या केंटाविरुद्ध उतरला. खांदा खरोखर दुखावलेला आहे हे केंटालाही माहीत आणि सभागृहालाही माहीत. त्यामुळे प्रत्येक लाथेनंतर उठणारा आवाज निराळाच होता. वर्षाअखेर, २३ डिसेंबरला, न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन सेंटरमध्ये ब्रुकलिनचा होमिसाइड त्याच्यासमोर उभा राहिला. पहिल्या वर्षापासून कंपनीत असलेल्या आणि किताबाने सतत हुलकावणी दिलेल्या होमिसाइडने जाहीर केले होते की वर्ष संपण्याआधी जिंकलो नाही तर कंपनी सोडीन. तो आपल्या माणसांसमोर जिंकला.

होमिसाइडनंतर फेब्रुवारी २००७ मध्ये जपानच्या नोआ कंपनीचा अवाढव्य ताकेशी मोरिशिमा विजेता झाला. ऑगस्टमध्ये त्याच्याशी लढताना डॅनियलसनच्या डोळ्याला गंभीर इजा झाली. मोरिशिमाला मॅकगिनेसने हरवले ते ६ ऑक्टोबर २००७ रोजी, न्यू जर्सीतल्या एडिसन येथे. हे तेच एडिसन, जिथे मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात; आपल्या लोकांच्या घरांपासून काही मिनिटांच्या अंतरावर एका क्रीडागृहात जागतिक किताब बदलला आणि आपल्यापैकी फार थोड्यांना त्याचा पत्ता होता, याची मला अजून हळहळ वाटते.

मॅकगिनेसचे ५४५ दिवस शारीरिक दृष्टीने सर्वांत खडतर होते. दंडाचे स्नायू फाटलेले असताना तो लढत राहिला आणि त्याची किंमत त्याच्या पुढच्या कारकिर्दीने मोजली. मधल्या काळात, ऑक्टोबर २००८ मध्ये, सपोल्स्कीला कंपनीने दूर केले आणि आखणी अ‍ॅडम पिअर्सकडे आली. ३ एप्रिल २००९ रोजी ह्यूस्टनमध्ये मॅकगिनेस हरला तो पंचेचाळीस वर्षांच्या जेरी लिनकडून. अनेकांना हा निर्णय भावनिक वाटला. मला तो योग्य वाटतो, कारण आयुष्यभर इतरांना मोठे करणाऱ्या माणसाकडे दहा आठवडे पट्टा राहिल्याने पट्टा लहान झाला नाही. जूनमध्ये एरीज पुन्हा जिंकला आणि दोनदा हा किताब मिळवणारा तो पहिला ठरला. फेब्रुवारी २०१० मध्ये त्याच्याकडून टायलर ब्लॅकने तो घेतला आणि डब्ल्यूडब्ल्यूईशी करार झाल्यावर सप्टेंबरमध्ये रॉडरिक स्ट्राँगकडे सोपवला. हाच ब्लॅक पुढे सेथ रॉलिन्स या नावाने जगाला माहीत झाला. पंकने डब्ल्यूडब्ल्यूईचे विजेतेपद ४३४ दिवस राखले, डॅनियलसन त्याच कंपनीच्या रेसलमेनिया या वार्षिक मुख्य कार्यक्रमात २०१४ साली शेवटच्या लढतीत जिंकला, रॉलिन्स २०१५ साली. मर्फी रिक्रिएशन सेंटरच्या घडीच्या खुर्च्यांवर बसून ज्यांनी सुरुवात पाहिली होती, त्यांना या किताबाची बाजू मांडण्याची त्यानंतर गरजच उरली नाही.

मे २०११ मध्ये सिंक्लेअर या बाल्टिमोरजवळच्या दूरचित्रवाणी कंपनीने रिंग ऑफ ऑनर विकत घेतली. काटेकोर अर्थाने स्वतंत्र किताबाचा इतिहास इथे संपतो, असे म्हणणारे लोक आहेत आणि त्यांचे म्हणणे मी पूर्णपणे नाकारत नाही. आठवड्याचा कार्यक्रम आला, पट्टा अधिक वेगाने फिरू लागला, आणि डेव्ही रिचर्ड्स, केव्हिन स्टीन, अ‍ॅडम कोल, मायकेल एल्गिन असे विजेते होत गेले. त्यात जे लेथल या मल्लाचे ४२७ दिवस ठळक दिसतात. १० मार्च २०१७ रोजी सेहेचाळीस वर्षांच्या ख्रिस्तोफर डॅनियल्सने लास व्हेगास येथे कोलला हरवले. पहिल्या रात्रीच्या शेवटच्या लढतीत हरलेला आणि किताबाच्या पहिल्याच लढतीतही हरलेला हा माणूस पंधरा वर्षांनी विजेता झाला. एकाच कंपनीची नोंदवही अखंड राहिली तरच असा विजय शक्य होतो. ६ एप्रिल २०१९ रोजी न्यू जपान या जपानी कंपनीबरोबरच्या संयुक्त कार्यक्रमात मॅडिसन स्क्वेअर गार्डन भरले आणि मॅट टेव्हन शिडीच्या लढतीत, म्हणजे शिडीवर चढून वर टांगलेला पट्टा काढायच्या लढतीत, विजेता झाला. गर्दी आजवरची सर्वांत मोठी होती, पण किताबाचे तेज तेव्हा उतरणीला लागले होते, असे मी म्हणेन.

२०२१ च्या ऑक्टोबरात कंपनीने काम थांबवण्याची घोषणा केली. डिसेंबरच्या शेवटच्या कार्यक्रमात तेव्हाचा विजेता, मेक्सिकोचा बँडिडो, कोविडमुळे उतरू शकला नाही; जोनाथन ग्रेशमने लेथलला हरवून जुना मूळ पट्टा घेतला, तर न हरलेल्या बँडिडोकडे त्याचा पट्टा राहिलाच. कंपनी बंद असताना ग्रेशम इतरांच्या कार्यक्रमांत हा किताब पणाला लावत राहिला, आणि त्या काही महिन्यांसाठी तो पुन्हा खऱ्या अर्थाने स्वतंत्र झाला होता. मार्च २०२२ मध्ये एईडब्ल्यू या कुस्तीकंपनीचे मालक टोनी खान यांनी कंपनी विकत घेतल्याचे जाहीर केले आणि १ एप्रिलला टेक्सासमध्ये ग्रेशमने बँडिडोला हरवून दोन्ही दावे एकत्र केले. साखळी सांधली गेली ती पुन्हा रिंगमधल्या निकालानेच.

त्यानंतरच्या विजेत्यांत क्लॉडिओ कास्टान्योली, ख्रिस जेरिको आणि एडी किंग्स्टन आहेत. पण ज्याविषयी लिहायलाच हवे ते ब्रिस्को बंधू. डेलावेअरचे जे आणि मार्क अगदी पोरवयापासून या कंपनीत होते. जे ब्रिस्को ५ एप्रिल २०१३ रोजी स्टीनला हरवून विजेता झाला, दुखापतीमुळे पट्टा सोडावा लागला, आणि सप्टेंबर २०१४ मध्ये तो पुन्हा जिंकला. मार्क मात्र जोडीच्या किताबांपुरताच ओळखला गेला. १७ जानेवारी २०२३ रोजी जेचे मोटार अपघातात निधन झाले. ५ एप्रिल २०२४ रोजी, भावाच्या पहिल्या विजयाला बरोबर अकरा वर्षे झाली त्या दिवशी, फिलाडेल्फियात मार्कने किंग्स्टनला हरवले. निकाल ठरलेला होता, तारीखही निवडलेली होती. रिंगमध्ये जे रडणे झाले ते ठरवता येण्यासारखे नव्हते.

मार्ककडून ऑक्टोबर २०२४ मध्ये जेरिकोने किताब घेतला आणि ६ एप्रिल २०२५ रोजी, पुन्हा फिलाडेल्फियातच, बँडिडोने आपला मुखवटा पणाला लावून तो परत मिळवला. ज्यांना हा इतिहास पाहायला सुरुवात करायची आहे त्यांनी पहिल्या रात्रीपासून सुरू करू नये, कारण तेव्हाचे चित्रीकरण कच्चे आहे आणि माणसे अनोळखी वाटतात. १६ ऑक्टोबर २००४ ची जो आणि पंक यांची लढत सलग, मध्ये न थांबता पाहावी. त्यानंतर २००५ च्या जूनपासून सप्टेंबरपर्यंतचा काळ क्रमाने. आणि मग डॅनियलसन विरुद्ध केंटा. पट्टा देणाऱ्याकडे जास्त लक्ष ठेवावे, घेणाऱ्याकडे आपसूक जाते.